कुशाबांचा पहारा

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची मुंबईत! आईने नाशिकहून निघताना इतके लाडू कोंबलेत की दिवाळी पुन्हा साजरी करता येईल. राहायला लालबागला, नव्या टॉवरच्या अठराव्या मजल्यावर. खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते आणि तिच्यामागे बंदरातल्या क्रेन.

घर जाईबाई परबांचं. पूर्वी इथे त्यांची चाळ होती. मुलगा विनीत चाळिशीचा, घरूनच कॉम्प्युटरवर काम करतो. त्याच्याकडे महायुद्धातलं एक रिव्हॉल्व्हर आहे. आमच्या संग्रहालयाचे हर्षवर्धन सर ते घेणार आहेत, पण ते कुठल्या पलटणीत, कोणाच्या हातात होतं हे आधी सिद्ध करायचं. माझं पहिलं स्वतंत्र काम! लायसन्स याच पत्त्यावरचं, त्यामुळे वस्तू घराबाहेर नेता येत नाही. म्हणून मीच घरात आले. रात्री बांगड्याचं तिखलं होतं. कोणाची दृष्ट न लागो.

५ नोव्हेंबर

आज भिंग घेऊन बसले. एन्फिल्ड आहे, मधून मोडून उघडतं, आत सहा घरं. नळीवर बाणाची खूण, म्हणजे सरकारी माल. आता निकामी केलेलं आहे. मुठीच्या बुडाशी कडी आणि तिला खाकी दोरी. ही गळ्यात घालायची, म्हणजे धुमश्चक्रीत हातातून सुटलं तरी हत्यार हरवत नाही.

गंमत म्हणजे विनीत ती दोरी गळ्यातून काढतच नाही. ऑफिसचं ओळखपत्र घातल्यासारखा दिवसभर वावरतो. मला तपासायचं असलं की समोर वाकून बसतो. खाली तर कधीच उतरत नाही, दूधसुद्धा वर येतं. मी त्याला घरकोंबडा म्हटलं. तो हसला नाही. जरा जास्तच बोलले बहुतेक.

८ नोव्हेंबर

सापडलं! मुठीखाली कोरलेल्या नंबराचा फोटो मी पलटणीचा इतिहास जमवणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांना पाठवला होता. एका मराठा पलटणीतल्या गोऱ्या कॅप्टनचं हत्यार, इटलीच्या लढाईतलं.

पुढचं जाईबाईंनी सांगितलं. त्यांचे सासरे कुशाबा त्या पलटणीत हवालदार. साहेबाने त्यांना डोंगरातल्या एका घराच्या दारात पहाऱ्याला उभं केलं, स्वतःचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या गळ्यात घातलं आणि बदली, म्हणजे पुढचा पहारेकरी, येऊन ताबा घेईपर्यंत जागा सोडायची नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी साहेब मेला. पलटण पुढे गेली आणि बदलीचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. बर्फ पडलं तरी कुशाबा तिथेच उभे. शेवटी उचलून आणावं लागलं.

लालबागला परतल्यावर ते मरेपर्यंत चाळीच्या खोलीतून उतरले नाहीत. मग त्यांच्या गळ्यातली दोरी मुलाने, म्हणजे जाईबाईंच्या यजमानांनी, गुणाजींनी घातली. तेही उतरले नाहीत. तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता, सगळेच पुरुष घरी, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. ते गेले, चाळ पडली, आणि या टॉवरमध्ये आल्यावर दोरी विनीतच्या गळ्यात.

जाईबाई एवढंच म्हणाल्या, "बदली गावली नाय, म्हणान सगळा."

बिचारी माणसं, मनाने घेतलंय. पण माझ्या अहवालाचं सोनं झालं.

९ नोव्हेंबर

अहवालासाठी फोटो हवा, असं विनीतनेच सुचवलं. त्याने दोरी स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. कॅमेऱ्याकडे बघून 'ताबा घेतला' म्हणा, म्हणाला. म्हटलं. वर एक सलामही ठोकला, माझा आगाऊपणा.

मग त्याने चपला घातल्या आणि पाव आणायला खाली गेला! जाईबाई दारात उभ्या राहून रडत होत्या. मलाही भरून आलं.

१० नोव्हेंबर

विनीत आलेला नाही. फोन बंद.

सरांना भेटायला दादरला निघाले होते. रिव्हॉल्व्हर मेजावर ठेवून दारापर्यंत गेले, पण पाय उंबऱ्याबाहेर पडेना. दुखत नव्हतं काही. नुसता उचलला जात नव्हता.

खाली पाहिलं तर दोरी गळ्यात. मी ती मेजावर ठेवली होती. ठेवली होती मी.

११ नोव्हेंबर

वॉचमनला वर बोलावलं. त्याने हात धरून ओढलं तर माझा श्वासच बंद झाला. घाबरून सोडलं त्याने.

जाईबाई भात वाढत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "चेडवा, बदली येईसर जागा सोडूची नाय." मग पाया पडल्या माझ्या. एकुलता एक मुलगा आहे म्हणाल्या. मी ताट भिरकावलं. त्यांनी दुसरं वाढलं.

१३ नोव्हेंबर

सुभेदारांना विचारलं, पहारा उठवतं कोण. ज्याने लावला तो, नाहीतर त्याच्या वरचा, म्हणाले. साहेब मेला. पलटणही आता मोडलीय. उरली ती बदलीच.

विनीतचा फोन. शिवाजी पार्कला आहे म्हणाला, मैदानाला फेऱ्या मारतोय, थांबवतच नाही. रडत होता. मी शिव्या दिल्या.

एवढ्या उकाड्यात बोटं बधिर झालीत. चिमणी दिसत नाही. खिडकीबाहेर सगळं पांढरं—

१५ नोव्हेंबर

मनवा निघालीय नाशिकहून. माझी धाकटी. मी आजारी आहे असं वाटतंय तिला. येऊ नकोस म्हटलं, ओरडले, तरी—

जाईबाईंना बजावलंय, दार उघडायचं नाही.

१६ नोव्हेंबर

उघडलं त्यांनी.

मिठी मारली मनवाने. हात किती गार गं, म्हणाली. दोरी बघून हसली. ओळखपत्र का, म्हणे.

लांब बसवलंय तिला. तिच्याकडे बघायचं नाही, लिहीत राहायचं. खाली रस्त्यावर माणसं चालतायत. नुसती चालतायत.

काढ ना, बघू दे, म्हणतेय.

नाही. मनवा आहे ती. तिला नाही. तिला कधीच—

हात वर गेले माझे. दोरी निघाली. किती सहज—

हलकं वाटतंय. देवा, किती हलकं—

मीच बोलतेय का हे? तिला म्हणतेय, गळ्यात घाल, एक फोटो काढू, अहवालासाठी. फक्त एवढंच म्हण, मनू—