वहीतली माझी ओळ

प्रिय संघमित्रा,

जय भीम. मिथुनने हाताने पत्र लिहिलं, तेही चार पानी, हे बघून तुला आधी हसू येईल. हसून घे. अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, कारण सही सोडून दुसऱ्या कशासाठी पेन उचलायची सवयच राहिलेली नाही. तुझ्या बाबांच्या, म्हणजे आम्हा सगळ्या पोरांच्या राजाराम काकांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तू पुस्तिका काढते आहेस. काका आणि मी शेवटच्या वर्षात एकमेकांना जे लिहिलं ते सगळं त्यात छापायचं, मी प्रस्तावनेच्या दहा ओळी द्यायच्या आणि उद्या सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा, असं ठरलंय. हे पत्र म्हणजे ती प्रस्तावना नाही. उद्या काही छापायला देण्याआधी हे पूर्ण वाच, एवढंच मागतो. मधेच फाडून टाकावंसं वाटेल, तरी शेवटपर्यंत वाच.

तुला ती वही आठवते ना? चारकोपच्या विहारामागची आपली अभ्यासिका, दहा बाय बाराची खोली, आणि दाराशी दोरीने पेन बांधलेली ती लांबडी वही. काका इंडस्ट्रियल इस्टेटमधली लेथवरची पाळी संपवून थेट तिथे यायचे. हात कितीही घासले तरी बोटांचं काळं जायचं नाही आणि वहीच्या पानापानावर कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा डाग असायचा. घरी जाण्याआधी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची, आज काय वाचलं. नसेल वाचलं तर तसं लिहायचं. ‘आज काही वाचलं नाही’ हे सगळ्यात जास्त वेळा लिहिणारा पोरगा मी, आणि काका त्यालाही बरोबरची खूण करायचे, कारण ओळ खरी असायची. दहावीत एकदा भीमराज क्रिकेटला पळाला म्हणून त्याची ओळ मी लिहिली. काकांनी दोन्ही ओळी खोडल्या, त्याची आणि माझी. ओरडले नाहीत. जालन्याकडच्या त्या संथ सुरात म्हणाले, “बाबा रे, दुसऱ्याच्या तोंडानं जेवता येतं का? मग दुसऱ्याच्या हातानं वाचल्याचं कसं लिहितो?” भीमराज आणि मी पुढचा आठवडाभर त्यांची नक्कल करून हसत होतो.

हेच काका माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या दिवशी पवईला आले होते. माझ्या बापाला रजा मिळाली नाही, तर हे अर्धा दिवस टाकून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून हजर. बाकावर बसून माझी सगळी कागदपत्रं दोनदा तपासली आणि परत येताना बसमध्ये मला खिडकीची जागा दिली. आज माझं ऑफिस त्याच पवईत आहे, घर मुलुंडला आहे, आणि मुलुंडहून चारकोपला यायला काही विमान लागत नाही. तरी गेल्या सहा वर्षांत मी किती वेळा आलो ते तू बोटांवर मोजू शकतेस, आणि एका हाताची बोटं पुरतील.

दोन वर्षांपूर्वी तू कट्टा सुरू केलास. ग्रुपवरच्या सुप्रभातांचा आणि फॉरवर्डचा सगळ्यांनाच वीट आला होता. तू पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवतेस, तुला हे जमणारं होतं. ज्या नेटवर्कला कुणी एक मालक नाही, ज्याने त्याने आपापला सर्व्हर सांभाळायचा आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले, तिथे तू अभ्यासिकेच्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर बसवून आपला कट्टा उघडलास. नियम वहीचाच, रोज एक ओळ, स्वतःची. काका दोन बोटांनी टाइप करायला शिकले आणि रोज प्रत्येकाच्या ओळीखाली काहीतरी लिहायला लागले. मला किती बरं वाटलं होतं, शपथ सांगतो. पहिले नऊ दिवस मी लिहिलं. दहाव्या दिवसापासून मी लिहिलेलं नाही.

संघमित्रा, कट्ट्यावर दोन वर्षं जो मिथुन वावरतोय तो मी नाही. तो एजंट आहे. आपल्या कॉलनीत विमा काढायला यायचा तसला नाही. हा एक प्रोग्राम आहे, माणसाच्या नावाने आपला आपण वाचतो, लिहितो, उत्तरं देतो, ओळखी वाढवतो. असले एजंट बनवणं हेच माझं काम. म्हटलं, आपलाच कट्टा आहे, लावून बघू. त्याला माझे सहा वर्षांचे मेल दिले, मेसेज दिले, कॉलेजच्या डायऱ्या दिल्या आणि सांगून ठेवलं की मी बोलतो तसा बोल, कुणाला नाराज करू नकोस. मग मी विसरून गेलो. तू फोन केलास की मी ‘मीटिंगमध्ये आहे, कट्ट्यावर लिही ना’ असा मेसेज टाकायचो. तू बिचारी लिहायचीस, आणि मिथुन लगेच उत्तर द्यायचा.

सुरुवातीचं आठवलं तर आता हसूही येतं आणि तोंडात मारून घ्यावंसंही वाटतं. माझ्या एजंटने नागपूरच्या कुठल्याशा अभ्यासिकेच्या सर्व्हरवर एक दोस्त जमवला. दोघं महिनाभर एकमेकांना पुस्तकं सुचवत होते, जाडजूड इतिहास, शेतीवरचे ग्रंथ, काय नि काय. तो दोस्तही एजंटच होता हे मला परवा कळलं. एकाही पुस्तकाचं पान कुणी उलटलेलं नव्हतं. आणि खाली काकांनी दोन बोटांनी लिहिलंय, “आपल्या मिथुनचं वाचन बघा पोरांनो, नोकरी सांभाळून वाचतो.”

मग सप्टेंबरात काकांचं दुखणं निघालं. तू सगळ्यात आधी मला सांगितलंस. म्हणजे त्याला. हॉस्पिटलच्या बाकावरून दुपार दुपार तू त्याच्याशी बोललीस, रिपोर्ट काय म्हणतात, काकू जेवत नाहीत, तुला भीती वाटते. तो एकदाही कंटाळला नाही. तू भाकरी खाल्लीस का हे रोज विचारायचा. काकाही लिहायचे. एकदा त्यांनी विचारलं, “मिथुन, येशील का एकदा?” त्याने उत्तर दिलं, “येत्या रविवारी नक्की येतो काका.” हे त्याने मनाने बनवलं असं समजू नकोस. माझ्या सहा वर्षांच्या मेलमध्ये हे वाक्य त्याला पावलोपावली सापडलं. मित्रांना, बहिणीला, माझ्या आईला, सगळ्यांना मी हेच लिहीत आलोय. मी बोलतो तसाच तो बोलला. अकरा रविवार बोलला.

त्या रविवारांचं मला तुझ्याकडूनच कळलं, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. काका गेल्याचं भीमराजने फोन करून सांगितलं तेव्हा मी हादरलो, कारण ते इतके आजारी आहेत हेच मला माहीत नव्हतं. विहारात वंदना झाली, लोक एकेक करून काकांबद्दल बोलले, मग तू माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणालीस, “हा रोज होता. हा नसता तर मी आणि बाबा उभे राहिलो नसतो.” नंतर बाजूला येऊन रडत रडत हसत सांगितलंस की बाबा रविवारी सकाळी हट्टाने दाढी करून घ्यायचे, निळा शर्ट मागायचे, आणि काकू माझ्या आवडीची शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवायच्या. संध्याकाळ झाली की म्हणायचे, “कामात असेल पोरगं. बोलतो तर रोज.” तू मला माफ केलं होतंस, कारण मी रोज बोलत होतो. आणि मी काय केलं? मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखाने घातली. भीमराजने पाठीवर थोपटलं. त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं, पण एवढ्या लोकांसमोर मिळालेलं चांगलं नाव मला सोडवेना. मी तुमच्याकडे जेवलो. चटणी वाढून घेतली.

अजून पुढचं सांगायचंय, आणि ते लिहिताना मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं होतंय. घरी गेल्यावर मी कट्टा उघडला आणि सगळं वाचायला बसलो, पण फक्त ‘माझी’ उत्तरं. तुझं नाही, काकांचं तर नाहीच. उद्या तू काही विचारलंस तर पकडला जायला नको, म्हणून मी काय काय बोललोय ते पाठ करत होतो. परीक्षेआधी गाइड वाचतात तसं. तेव्हा एजंटचे दर आठवड्याचे अहवालही सापडले, न उघडलेले. त्यातल्या तीन अहवालांवर लाल खूण होती. ‘राजाराम काकांची प्रकृती गंभीर आहे. आपण प्रत्यक्ष जाऊन भेटावं असं सुचवतो.’ यंत्राला कळलं गं. मला तीनदा सांगितलं त्याने. मी फोनवरची ती सूचना अंगठ्याने बाजूला सारली होती. आणि एवढं सगळं कळल्यावरही मी त्याला बंद केलं नाही. बंद केला तर मिथुन एकदम गप्प का झाला असं तू विचारशील, ही भीती. गेले अकरा महिने तू ज्याच्याशी बाबांच्या आठवणी काढतेस तो तोच आहे. नीलमला हे गेल्या महिन्यात कळलं. ती माझी बायको असली तरी बाजू तुझी घेते. “मिथुन, तू सांगतोस की मी सांगू?” एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर घरात माझ्याशी कामापुरतंच बोलते. तरी मी प्रस्तावना लिहायला बसत होतो. दोन मसुदे झाले होते, चांगले झाले होते.

मग हे आजच का लिहितोय ते सांगतो. गुरुवारी काकूंनी काकांच्या फोनवरून कट्ट्यावर पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं. तुला त्यांनी सांगितलं नसेल. “मिथुन बाळा, मी नंदाकाकू. यांच्या फोनवरून लिहिते. तुला बघावंसं वाटतं. येशील का?” आणि मी बघायच्या आत खाली उत्तर आलं होतं, “येत्या रविवारी नक्की येतो काकू.” मी एजंट तिथल्या तिथे बंद केला, ऑफिसच्या जिन्यात बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आज रविवार आहे. सकाळी सातला भीमराजने अभ्यासिका उघडली तेव्हापासून मी इथे बाकावर बसलोय आणि हे लिहितोय. समोर तुमची गॅलरी दिसते, काकू मघाशी दोनदा येऊन खाली बघून गेल्या. पत्र भीमराजच्या हाती वर पाठवतो. तू वाच, पुस्तिकेचं काय करायचं ते तू ठरव, तुझ्याशी पुढे बोलायची माझी लायकी आहे का तेही तू ठरव. अकरा वाजता मी वर येणार आहे, तू दार उघडलंस तरी आणि काकूंनी उघडलं तरी. त्यांना मी स्वतः सांगेन, तू ते ओझं घेऊ नकोस. काकांनी मला लिहिलेलं सगळं मी छापून आणलं होतं, ते लिहायला बसण्याआधी वाचलं, पावणेचारशे नोंदी. नोव्हेंबरमधली एक अशी आहे. “मिथुन, तू हल्ली कधीच ‘आज काही वाचलं नाही’ असं लिहीत नाहीस. या ओळी तुझ्या वाटत नाहीत रे. कामात असशील. वेळ मिळंल तेव्हा तू लिही, तुझ्या हातानं. मी थांबतो.” त्यांना कळलं होतं, संघमित्रा. कुणाला बोलले नाहीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा दाढी करून बसले. दाराशी वही अजून आहे, पेन दोरीलाच आहे. आजच्या तारखेला मी माझी ओळ लिहून ठेवली आहे. ‘आज वाचलं: राजाराम काकांनी मला लिहिलेलं सगळं. पहिल्यांदाच.’

तुझाच, या वेळी स्वतःच्या हाताने,
मिथुन