हडपसरची जागा आणि शेवटची रांग

प्रिय बाबा,

आज घरात तुमचं बिंग फुटलं. फोडलं मीच. पण आरोपीला न कळवता निकाल देऊ नये ही तुमचीच शिकवण, म्हणून लगेच लिहायला बसले.

वकिलांच्या प्रशिक्षण परिषदेचं निमंत्रण आलं की तुम्ही ते ऑफिसात सगळ्यांदेखत केराच्या टोपलीत टाकायचात. "कायदा वाचून कळतो, फुकटचं जेवून नाही." तुमच्या हाताखाली नवीन असताना मी एकदा जाते म्हणाले, तर म्हणालात, "अवश्य जा. येताना सनद परत करून ये."

आणि नेमके परिषदेच्याच रविवारी तुम्ही हडपसरला वादातली जागा पाहायला जायचात. एकटे. एकेका जागेला किती वेळा पाहायचं असतं हो? परत आलात की भूक नसायची आणि सोमवारी साखर वाढलेली असायची. आई चिडायची, "हडपसरची माणसं गोड घालून घालून मारतील यांना."

तुम्ही गेल्यावर शेवंताबाईंचा दावा माझ्याकडे आला. त्यांचे भाऊ हडपसरची तीच वडिलोपार्जित जागा बिल्डरला विकायला निघालेले. विक्री थांबली नाही तर बाईंच्या हिश्श्यावर इमारत उभी राहणार. आपल्याकडे भक्कम पुरावा एकच, धाकट्या भावाने फोनवर पाठवलेला निरोप : "ताई, जागा विकली की तुझा हिस्सा देतो." तुम्ही त्याची छापील प्रत जोडली होती, सोबत फोनवरच्या पुराव्याला लागतं ते प्रमाणपत्रही. म्हटलं, बाबांनी केलंय म्हणजे झालं.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात परिषद होती. सनद परत मागायला आता कोणी नव्हतं, म्हणून गेले.

नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझं आडनाव वाचलं. "सरांच्या कन्या का? त्यांची खुर्ची मागे, पंख्याखाली."

मागे देवधर वकील बसले होते. तुम्ही ज्यांच्याशी कोर्टाबाहेर बोलत नाही अशी सगळ्या सदाशिव पेठेची समजूत, तेच. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती अडवलेली. पिशवी उचलत म्हणाले, "बैस. तुझा बाप तरुणपणी भर सभेत परिषदांना नावं ठेवून बसला, मग उघड यायची सोय राहिली नाही. वक्त्याच्या चुका काढायचा आणि जेवताना माझ्या वाटचे गुलाबजाम खायचा. घरी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला."

रडू यायला हवं होतं. मला इतकं हसू आलं की वक्ते बोलायचे थांबले.

पण पुढे हसू मावळलं. विषय होता फोनवरचे पुरावे. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचा नमुनाच बदललाय. पक्षकाराची सही हवी, तज्ज्ञाचीही हवी. तुमचं प्रमाणपत्र जुन्या नमुन्यातलं. बाबा, नेमक्या याच परिषदेला तुम्ही नव्हतात.

आणि शेजारी बसलेले देवधर म्हणजे भावांचे वकील. ते समोर वक्त्याकडेच बघत राहिले. बरोबरच आहे.

जेवणात मी ताट घेऊन नुसती हिंडले. हिंजवडीला ऑफिस असलेल्या एका मुलीने तज्ज्ञ सुचवला. साताऱ्याच्या एका वकिलांनी उशिरा कागद दाखल करायचा अर्ज कसा लिहायचा ते पुरी खाता खाता सांगितलं. कायदा वाचून कळतो हे खरं, पण आपलं काय वाचायचं राहिलंय ते जेवणाच्या त्या रांगेतच कळतं. तुम्हाला हे ठाऊक होतं आणि आम्हाला टोपली दाखवत होतात.

आज कोर्टात देवधर उठले. "दाखल प्रमाणपत्र जुन्या नमुन्यातलं आहे." मी नवं पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि खाली बसताना पुटपुटले, "यंदाही शेवटची रांग जागीच होती म्हणायची." विक्रीला मनाई मिळाली.

संध्याकाळी शेवंताबाई पेढे घेऊन आल्या. आई दारातच म्हणाली, "आमच्याकडे गोड नको. एका माणसाला तुम्ही पुष्कळ खाऊ घातलंत."

"म्या?" बाई गांगरल्या. "साहेबांनी माज्याकडं कवा चहाबी साखरेचा घेतला न्हाई, वहिनी."

आईने माझ्याकडे पाहिलं. उलटतपासणीत मी तुमच्यापुढे टिकले असते, तिच्यापुढे नाही. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे शाळेला दांडी मारतात तसे हे घरून दांडी मारून शाळेत जायचे." आणि शेवंताबाईंना आत बोलावून तिने त्यांच्या हातचा पेढा घेतला. डोळे पुसले ते खाऊन झाल्यावर.

एक विचारू? मला का नाही नेलंत? पंख्याखाली तिसरी खुर्ची मावली असती. तुमच्या शेजारी बसून एक तरी भाषण ऐकायचं होतं मला. ते राहिलं, आणि त्याचा मला राग आहे.

असो. दर परिषदेला जाईन, शेवटच्या रांगेतच बसेन. देवधरकाकांच्या वाटचा गुलाबजाम एकच खाईन. आणि घरी आल्यावर आईने विचारलं, कुठे गेली होतीस, तर हडपसरचं नाव घेणार नाही.

तुमची,
मुक्ता