मांजर या शब्दाचं गुपित

१८ फेब्रुवारी, अहमदपूर.
लातूरच्या एका वाचनालयाचं पत्र. मराठी भाषा दिनाला ‘एका शब्दाची गोष्ट’ सांगायची, वीस मिनिटं. आमच्या शाळेतून दोघं, मी आणि दयानंद सर. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा लातूरचं स्टेज. माझा शब्द ठरला : मांजर. मूळ संस्कृत मार्जार, म्हणजे सारखं पुसणारं, स्वच्छ करणारं. सखोल संशोधन. (शब्दकोशात पाच मिनिटांत सापडलं, पण तो उघडायलाही अक्कल लागते.)

२० फेब्रुवारी.
दयानंदनं स्टाफरूममध्ये विचारलं, शब्द कोन्ता घेतलाव. अगदी सहज. इतकं सहज कोण विचारतं? मी खोकलो.

२१ फेब्रुवारी.
वाचनालयाचा फॉर्म आला. विषयाच्या रकान्यात लिहिलं : गोपनीय. भाषणाचा कागद कपाटातून गादीखाली.

२२ फेब्रुवारी, रविवार.
दयानंद घरी. पुतणीच्या लग्नाची पत्रिका म्हणे. चहा पिताना दोनदा गादीकडे बघितलं. कागद देव्हाऱ्यामागे. मग ट्रंकेत. मग पिठाच्या डब्यात.

२३ फेब्रुवारी.
भाकरी करताना बायकोला, उज्वलाला, कागद सापडला. म्हणाली, मांजर पिल्लं सात घरं फिरवती तसं करून राहिलाव, कोण खानार हाय त्याला? उज्वला आणि दयानंदची बायको एकाच भिशीत आहेत. लक्षात ठेवणे.

२५ फेब्रुवारी.
कागद आता पक्क्या जागी. ती इथंही लिहीत नाही.

२७ फेब्रुवारी, सकाळी ६.
पक्की जागा आठवत नाही. हरकत नाही, सगळं पाठ आहे. एसटीत दयानंद शेजारी. लातूरपर्यंत झोपेचं सोंग.

संध्याकाळ.
दयानंद धान्याच्या ‘कणगी’वर बोलला. माझ्या धाकानं मांजर सोडलं असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फॉर्मवरून माझा विषय कळला नाही म्हणून मला आभारप्रदर्शन दिलं. माइकवाल्याचे, चहावाल्याचे आणि दयानंदचे आभार मानले. दीड मिनिट.

२८ फेब्रुवारी.
कागद सापडला. माळ्यावर, जुन्या गोधडीत. शेजारच्या केवळाबाईंची मांजर त्यावरच व्यालीय. एकेक पिल्लू चाटून साफ करत होती. म्हणजे माझा अर्थ शंभर टक्के बरोबर. आणि तो मी कुणालाच सांगितला नाही. फार वाईट वाटलं.
मग तिलाच सुरुवातीचा भाग म्हणून दाखवला. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं, एक पिल्लू तोंडात धरलं आणि दुसरी जागा शोधायला निघाली.