चिनी वाचायला वातावरण लागतं

२ जून
साहेबांना आज सांगून टाकलं, मला चिनी वाचता येतं. (येईलच. महिना आहे हातात.) नवं पॅकिंग मशीन शिकायला कंपनी चीनला एकाला पाठवणार, सुपरवायझरही त्यालाच करणार. संकल्प: रोज पहाटे दहा अक्षरं.

३ जून
पहाट हुकली. अलार्म बायकोने बंद केला असावा.

११ जून
घरभर चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर 'कपाट', खिडकीवर 'खिडकी'. बायको म्हणाली, अहो, फ्रिज उघडायचा कुठून? या घरात भाषेची आवडच नाही कुणाला.

२४ जून
एकूण अक्षरं अकरा. त्यात एक, दोन, तीन या नुसत्या रेघा, पण अक्षर ते अक्षर. लेकीने परीक्षा घेतली. सातव्या अक्षरावर अडलो. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी. निष्कर्ष: घरी बसून चिनी येत नाही. वातावरण लागतं.

६ जुलै
चीनला पोचलो. काय वातावरण! जिकडे बघावं तिकडे अक्षरं. जरा जास्तच आहेत. शांतपणे एकेक वाचायला घरच बरं होतं.

७ जुलै
सराव म्हणून पाट्या वाचत गेलो, त्यामुळे ट्रेनिंगला उशीर. दार बंद. त्यावर एकच अक्षर, आणि मी ते ओळखलं! डावीकडे 'हात', उजवीकडे 'उभं राहणं'. म्हणजे 'थांबा'. कुणाच्याही मदतीशिवाय वाचलेलं पहिलं अक्षर! डोळे भरून आले. खात्रीसाठी दार ढकलूनही पाहिलं. हललं नाही. थांबलो.

८ जुलै
थांबलो.

९ जुलै
या लोकांना वेळेची किंमत नाही. साहेबांना कडक मेसेज टाकला: ट्रेनिंग बंद आहे, पाटी मी स्वतः वाचली.

संध्याकाळी
साहेबांचा फोन. म्हणाले, बाकीचे सगळे आत बसून शिकतायत, तुमचीच खुर्ची रिकामी. मी पुरावा म्हणून दाराचा फोटो पाठवला. त्यांनी तो मशीनवाल्यांना दाखवला. थोड्या वेळाने साहेबांचा मेसेज आला: 'ओढा' असं लिहिलंय. मागोमाग दुसरा: परत या.

१३ जुलै
घरी. मशीन शिकायला आता दुसऱ्याला पाठवतायत. परदेशातलं शिक्षण कसं वरवरचं असतं, ते बायकोला सविस्तर समजावलं. ती हसली नाही. ताट वाढलं. मग हळूच म्हणाली, अहो, ढकलून उघडेना, तर एकदा ओढून नाही का बघितलंत?

मी म्हणालो, भाजी छान झालीय.