ज्यूरीचं जेवण

टॅल्बर्ट कोर्ट हाउस, व्हर्जिनिया
१२ ऑक्टोबर १९५६

चि. लोरेनास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. सोमवारी तुझ्या भावाचा खटला उभा राहतो. या गावाचं नाव कोर्टावरून, पोटही कोर्टावर. इतकी वर्षं ज्यूरीला जेवण आपल्याच खाणावळीतून गेलं, पण आरोपीच्या खुर्चीत आपलाच रॉइस बसेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पिऊन गाडी चालवली, हे तो कबूल करतो. अपघातात शेजारी बसलेला डॅब्नी जागीच गेला. त्याची आई आयडेला समोरून जाते, पण मान वर करत नाही. जेवण दुसरीकडून मागवू, असं न्यायाधीशांनी कळवलंय. चूल थंड आहे.

काळजी घे, जड काही उचलू नकोस.

तुझी आई


रिचमंड, १५ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. वि. वि. डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत, म्हणून जीव तुटतो. खटला संपला की खाणावळीला कुलूप लाव आणि इकडे ये. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला तरी ये! आयडेलामावशीने आम्हाला पोटच्यासारखं वाढवलं. तिला काय लिहू, सुचत नाही.

तुझी लेक
लोरेना


टॅल्बर्ट कोर्ट हाउस
१९ ऑक्टोबर

चि. लोरेनास,

अनेक आशीर्वाद. रॉइसला पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यूरीचा प्रमुख म्हणून निकाल वाचताना टली न्हावी मध्येच अडखळला. रॉइसचं जावळ त्यानेच काढलं होतं.

शिक्षेआधी न्यायाधीशांनी आयडेलाला विचारलं, काही सांगायचंय का. ती उठली. म्हणाली, याला सोडा असं मी म्हणणार नाही, माझा पोरगा मातीत आहे. पण याची छाती लहानपणापासून थंडीत भरते, तेवढं तुरुंगवाल्यांना सांगा, पांघरूण जास्तीचं द्या. तोवर दगडासारखा बसलेला रॉइस ओक्साबोक्शी रडला.

बाहेर हिरवळीवर मी तिच्याकडे धावले. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, आत्ता नको, व्हर्ना. मला तुझं तोंड बघवत नाही. आणि एकटीच घरी गेली.

बाळ झालं की कळव, पण मला तिकडे बोलावू नकोस. ती ‘आत्ता नको’ म्हणाली, ‘कधीच नको’ म्हणाली नाही. उद्या, दहा वर्षांनी, केव्हाही तिने दार वाजवलं, तर उघडायला मी घरात हवी.

आईवर रागावू नकोस.

तुझीच
आई