सगळ्यात कमी कोण बोललं?

आदरणीय सोपानगुरुजी,

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत धाडाल.

कोळवणच्या शाळेत मी नवी शिक्षिका होते, तेव्हा तुम्ही माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचात. तास संपला की एवढंच विचारायचात, "आज सगळ्यात कमी कोन बोललं, बाई?"

आता आंतरराष्ट्रीय शाळांच्या प्राचार्यांसाठी मी मार्गदर्शनाचा कार्यक्रम आखलाय. पहिलं शिबिर आपल्या कोळवणजवळ, मुळशीलाच घेतलं. नियम तुमचाच: सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. नैरोबीच्या बाई आपली अडचण मांडत होत्या आणि दुबईच्या प्राचार्यांना सल्ला दिल्याशिवाय राहवेना. मी डोळे वटारले. ते गप्प बसले, आणि बाईंनी ती अडचण आपणच सोडवली.

शाबासकी तुम्ही देणार नाहीच. तोच प्रश्न विचाराल.

मी, गुरुजी. आख्ख्या शिबिरात सगळ्यात कमी मीच बोलले.

तुमची बडबडी,
सुलक्षणा