ताईच्या नावावर

शेलू,
३ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
हरेशचा नमस्कार. आधी तो घे, मग काय रागवायचं ते रागव.

माझं सगळं फिरलं ते नऊ एप्रिलला, संजनाचा फोन तिच्या बाबांनी उचलला त्या घटकेला. तुला सांगितलं नव्हतं. या खोलीच्या डिपॉझिटसाठी मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढलं, तेव्हा ओळखीचा नंबर म्हणून मी तिचा दिला होता. हप्त्याला पाच दिवस उशीर झाला, तर कंपनीच्या माणसाने तिलाच फोन लावला आणि तिच्या बाबांना विचारलं, की तुमच्या पोरीचा हरेश पैसे बुडवून कुठे पळालाय. त्यांच्या घरी तोवर हरेश हे नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, आता नको. मी फोन भिंतीवर आपटला, म्हणून हे पत्र.

तेव्हाच ठरवलं, त्या कंपनीला दमडी द्यायची नाही. चार हप्ते झाले, दिलेली नाही. घरमालकीण इंदूबाईंचं भाडं मात्र एक तारखेला हातात. कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा तू म्हणालीस ना, याला काहीच धड निभावता येत नाही? बघ, एक महिना चुकवलेला नाही. खोलीही सोडणार नाही. संजनाने पसंत केलेली आहे, ओट्यामागचा हिरवा रंग तिने लावलाय. तिला माझा एवढाच पत्ता माहीत. आली तर इथेच येईल.

आरोहीला म्हणावं दहावी नीट कर, मामाचा कित्ता नको.

तुझा,
हरेश


खालापूर,
१० ऑगस्ट २०२५

चि. हरेश यास,
ताईचे आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.

फोनवर तू मधेच तोडतोस. कागद तोडता येत नाही, तेव्हा पुरतं वाच.

ते चार हप्ते कुठले, हे मला तुझ्या पत्रातून कळलं रं. चौक गावात एका खोलीचा फ्लॅट बघितला होता. तुला एकदम वास्तुशांतीलाच बोलवायचं मनात होतं. पगाराची स्लिप, नऊ वर्षांच्या भाड्याच्या पावत्या, सगळं पिशवीत घालून बँकेत गेले. साहेबाने पावत्या चाळल्यासुद्धा नाहीत. म्हणाला, मावशी, तुम्ही घरमालकाला भाडं देता ते सिबिलमध्ये दिसत नाही, तिथे कर्जाचे हप्ते दिसतात, आणि तुमच्या नावावर चार थकलेत. मी भांडले त्याच्याशी, जन्मात कर्ज काढलं नाही म्हणून. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तारीख डिसेंबरची. पण कसलं कर्ज ते काही आठवेना.

तुझं पत्र वाचलं आणि आठवलं. रसायनीच्या कॅन्टीनला दीडशे पोळ्या व्हायच्या होत्या आणि तुझा फोन आला, ताई, ओटीपी सांग, मला पगाराची स्लिप नाही, माझ्या जोडीला तुझं नुसतं नाव लागतंय. मी कणकेच्या हातानेच वाचून सांगितला.

साहेबाने एक बजावलंय. कंपनीवाले अर्ध्या पैशात मिटवू म्हणतील, तसं करायचं नाही. मग रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लागतं, ते बघून बँका पुन्हा नाकं मुरडतात. पूर्ण भरलं तरच ‘क्लोज्ड’. बिल्डर महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. तुझ्याकडे पैसे मागत नाही, आहेत कुठले. संजनाचं वाईट वाटलं. जेवत जा.

विनिताताई


शेलू,
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
नमस्कार करायला तोंड नाही, तरी करतो.

चार कागद फाडले. तुझं नाव लावलंय हे विसरलो होतो, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. माहीत होतं. पण नाव म्हणजे काय, फॉर्मवर एक रकाना, एवढंच वाटायचं. मी कंपनीला धडा शिकवत बसलो आणि एकेक थकलेला महिना तुझ्या नावापुढे लागत गेला.

कर्जतला त्यांच्या माणसाकडे गेलो, मारायच्या तयारीने. माझ्याच वयाचा निघाला. त्याने पाणी दिलं, अर्ध्यात मिटवू म्हणाला, पेन पुढे केलं. मी ते धरलंही होतं. तुझी ओळ आठवली आणि खाली ठेवलं.

पूर्ण भरायचं तर एकच वाट, इंदूबाईंकडून डिपॉझिट परत घ्यायचं. म्हणजे खोली सोडायची. ताई, तेवढंच होत नाही गं. नेरळच्या दुकानातलं काम आटपून आलो की आधी दाराखाली बघतो, चिठ्ठी सरकवलीय का. थोडे दिवस दे.

हरेश


खालापूर,
२५ ऑगस्ट २०२५

चि. हरेश यास,
आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत.

फ्लॅट दुसऱ्याला गेला. बिल्डर थांबला नाही. साहेब म्हणतो, आता सगळं भरलं तरी स्कोर वर यायला बरेच महिने जातील, आणि चुकलेले हप्ते पुढे कितीतरी दिवस दिसत राहतील. तेव्हा माझ्या घरासाठी म्हणून तू खोली सोडू नकोस.

एक मात्र सांगते, पोटात राहत नाही. परवा त्या कर्जवाल्या कंपनीचा फोन कॅन्टीनच्या नंबरवर आला. सुपरवायझरने सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. विनिता तुम्हीच ना, असं त्याने विचारलं, आणि मी नाही म्हणाले. ठेवून दिला. बायका बघत होत्या. पोळी करपली.

आरोहीने चाचणीत गणिताला चांगले मार्क काढलेत.

विनिताताई


शेलू,
३१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
हरेशचा नमस्कार.

सोबत कंपनीचं पत्र आहे. पूर्ण भरले, कर्ज बंद, असं तुझ्या नावाने लिहून शिक्का मारून घेतलंय. डिपॉझिट कमी पडलं, तेवढी दुकानातून उचल घेतली. महिना-दीड महिन्याने बँकेत रिपोर्ट बघायला सांग. ‘क्लोज्ड’ दिसलं नाही तर मला कळव, मी जाऊन बसतो. मारणार नाही. पत्र सुपरवायझरलाही दाखव, त्या बायकांसमोरच दाखव.

तुझा कॅन्टीनचा फोन वाचून मला संजनाच्या घरचा फोन पहिल्यांदा नीट ऐकू आला. दोन्ही घरांत तो माझ्यामुळेच वाजला. इंदूबाईंनी विचारलं, ती पोरगी आली तर कुठे पाठवू. नवा पत्ता चिठ्ठीवर लिहून ठेवला होता, दिला नाही. तिने नको म्हटलं होतं. मीच त्याचा अर्थ थांब असा लावून घेतला.

दुकानाच्या गोदामात झोपायची सोय झालीय. तुझ्याकडे येईन, पण एवढ्यात नाही. लोभ ठेव असं लिहायची पद्धत आहे. तू ठेवतेसच, मला तो पेलायला शिकू दे.

तुझा,
हरेश

ता. क. सामान पायरीवर आणलंय, त्यावर बसून एवढं लिहितोय. इंदूबाई म्हणाल्या, एकदा आत नजर टाकून ये, काही राहिलं असेल. गेलो. काही राहिलं नव्हतं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.